बाळ कुणाकडे आहे?

आमच्या घरात दिवसातून वीस-पंचवीस वेळा एकच प्रश्न विचारला जायचा. माजघरातून, परसातून, कधी माडीवरून खाली वाकून: "बाळ कुणाकडे आहे?" विचारणारी बहुतेक वेळा बाळाची आई नसायची. ती चुलीपुढे किंवा गोठ्यात अडकलेली असायची. आजी विचारायची, थोरली काकू विचारायची, कधी ओटीवर हिशेबाची वही घेऊन बसलेले आजोबाही विचारायचे. मग कुठून तरी उत्तर यायचं, "माझ्याकडे आहे", आणि सगळ्यांचे हात पुन्हा आपापल्या कामाला लागायचे.

वाईजवळच्या एका गावातलं हे घर. आजी-आजोबा, तिघे भाऊ, तिघी जावा आणि आम्ही सहा मुलं, अशी चौदा माणसं. मुलांत सगळ्यांत मोठी ताई, थोरल्या काकांची मुलगी. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सगळ्यांत धाकटं जे असेल ते नुसतं 'बाळ'. पुढचं बाळ आलं की आधीच्याला त्याचं नाव मिळायचं.

इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या 1953 सालच्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या आहेत: एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं खाणं, सामाईक मिळकत, सामाईक देवधर्म आणि आपसातलं विशिष्ट नातं. आमचं घर या सगळ्या खुणांना उतरत होतं. पण त्या घरात रोजचा दिवस कसा पार पडायचा, हे कळायला मला त्या प्रश्नाचाच धागा धरावासा वाटतो. बाळ कुणाकडे आहे आणि ते तिथं कसं पोचलं, याचा माग काढला की चौदा माणसांचं घर चालतं कसं ते बरंचसं उलगडतं.

आधी थोडं गणित. जेम्स बोसार्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1945 मध्ये एक साधी गोष्ट मांडून दाखवली. घरात माणसं एकेकाने वाढतात, पण माणसामाणसांतली नाती त्याहून फार वेगाने वाढतात. नवरा-बायको दोघंच असतील तर नातं एक. दोन मुलं झाली, माणसं चार झाली, की जोड्या सहा होतात. चौदा माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात 91. म्हणजे आमच्याकडे चौदावं माणूस जन्माला आलं तेव्हा एका दिवसात तेरा नवी नाती सुरू झाली. त्या बाळाला एक आई मिळाली आणि तिच्याबरोबर पाच भावंडं, दोन काका, दोन काकू, आजी, आजोबा आणि वडील. यांतल्या प्रत्येकाचा त्याला उचलण्याचा हात निराळा, झोपवण्याची रीत निराळी, रागावण्याचा सूरही निराळा.

इतक्या हातांत फिरणारं बाळ बावरत नाही का, अशी शंका शिकलेल्या आईबापांना येते. आफ्रिकेत काँगोच्या इतुरी अरण्यात राहणाऱ्या एफे लोकांचा एक अभ्यास एडवर्ड ट्रॉनिक आणि गिल्डा मोरेली यांनी सहकाऱ्यांबरोबर 1987 मध्ये प्रसिद्ध केला. तिथं तान्हं मूल जन्मल्यापासून एकीकडून दुसरीकडे जात असतं. 18 आठवड्यांच्या बाळाचा सुमारे 60 टक्के वेळ आईखेरीज इतरांजवळ जात होता, आणि त्याला घेणाऱ्या माणसांची सरासरी भरत होती चौदा. हा आकडा वाचला तेव्हा मला आमची ओसरीच आठवली. तरीही त्या मुलांना आपली आई कोण हे पक्कं ठाऊक असतं. रात्री ती तिच्याच कुशीत असतात आणि भूक लागली की तिच्याकडेच झेपावतात. मानवशास्त्रज्ञ सारा ब्लॅफर हर्डी यांनी 'मदर्स अँड अदर्स' या 2009 सालच्या पुस्तकात याच्या पुढचा विचार केला आहे. माणसाचं पिल्लू इतकं सावकाश वाढतं आणि त्याला इतकं खायला लागतं, की एकट्या आईच्या जिवावर ते जगणंच अवघड. दुसऱ्याच्या हाती बाळ देण्याची सवय आपल्या जातीला लागली म्हणूनच आपण टिकलो, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचं मन ओळखायला बाळं शिकली तीही त्यामुळेच, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. दहा चेहऱ्यांतून आपल्याला आत्ता कोण घेईल, हे आमच्याकडचं सहा महिन्यांचं बाळसुद्धा बरोबर हेरायचं.

घरात आजी असेल तर मूल तगतं, हेही आपण धरून चालतो. रिबेका सिअर आणि रुथ मेस या दोघींनी 2008 मध्ये जगभरच्या 45 समाजांतल्या नोंदी एकत्र पाहिल्या. आईची आई जवळ असणं मुलाच्या जगण्याला बहुतेक ठिकाणी उपकारक दिसलं. वडिलांच्या आईचा उपयोगही पुष्कळ ठिकाणी दिसला, पण तो सगळीकडे सारखा नव्हता. आपल्याकडे सून सासरी नांदते, त्यामुळे रोजची आजी म्हणजे वडिलांची आई. आणि तरीही पहिलं बाळंतपण माहेरी करायची चाल आपण धरून ठेवली. ते सगळ्यांत नाजूक पहिले दोन-तीन महिने बाळ आणि बाळंतीण दोघंही आईच्या आईच्या ताब्यात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि तेल लावणं यांइतकंच मोल, मला वाटतं, त्या काळात मुलीला निर्धास्त झोप मिळण्याला होतं.

मोठ्या घरात मूल सांभाळायला माणसं पुष्कळ, असं म्हणतात. खरंच आहे ते. पण ती माणसं कोण, हे कुणी सांगत नाही. आमच्या घरातल्या बायकांचा दिवस मोजून पाहा. चौदा माणसांना एका वेळी चाळीसेक भाकऱ्या-पोळ्या लागायच्या. एकीला दीड-दोन मिनिटं धरली तर एका हाताने ते तासा-सव्वातासाचं काम, आणि तेही दोन वेळा. पहाटे बंब पेटवायचा, धारा काढायच्या, आडाचं पाणी शेंदायचं, चौदा जणांचं धुणं, दळण-कांडण, त्यात सुगीच्या दिवसांत शेतावरच्या न्याहाऱ्या. तिघी जावांचे सहाही हात भरलेले असायचे. आजीला दिसायचं कमी झालेलं. मग बाळ असायचं कुणाकडे? ते असायचं ताईकडे. ताई शाळेत असली तर तिच्या भावाकडे, म्हणजे दादाकडे, आणि दादा गुरं घेऊन गेला असला तर माझ्याकडे, तेव्हा मी जेमतेम सहा वर्षांची होते.

लहान मुलांना मोठ्या घरात मुलंच वाढवतात. 1977 मध्ये थॉमस वाइझनर आणि रोनल्ड गॅलिमोर यांनी जगातल्या अनेक समाजांच्या नोंदी तपासून हेच दाखवलं होतं: मोठ्या भावंडांनी धाकट्यांना सांभाळणं हा अपवाद नसून बहुतेक ठिकाणची सर्वसाधारण रीत आहे. तोवर बालसंगोपनाच्या शास्त्रात आई आणि मूल एवढी दोनच माणसं असायची. वर्षाचं बाळ आठ-नऊ किलोचं असतं, आणि खेड्यातली आठ वर्षांची मुलगी असते वीस-बावीस किलोची. आपल्या वजनाच्या चाळीस टक्के भार एका कडेवर घेऊन ताई सागरगोटे खेळायची. कंबर एका बाजूला काढून उभं राहायची तिची ती लकब लग्नानंतरही गेली नाही.

मुलं मुलांना सांभाळतात तेव्हा सांभाळणाऱ्यावरही परिणाम होतो. जॉन आणि बिअट्रिस व्हायटिंग यांनी 1950 च्या दशकात सहा देशांतल्या सहा वस्त्यांतली मुलं पाहण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. त्यातली एक वस्ती उत्तर प्रदेशातलं खालापूर हे गाव होतं. ज्यांच्याकडे तान्ह्या भावंडांचं काम असतं ती मुलं मदत करायला, धीर द्यायला अधिक तयार असतात, असं त्यातून दिसलं. कॅरल एम्बर यांनी पुढे केनियातल्या लुओ लोकांत आणखी नेमकं पाहिलं. ज्या घरात मोठी बहीण नव्हती तिथं घरातली कामं मुलग्यांवर पडत. असे मुलगे इतर मुलग्यांपेक्षा कमी भांडखोर आणि अधिक सांभाळून घेणारे निघाले. आमच्या दादाचं असंच होतं. एरवी झाडावरून उड्या मारणारा हा मुलगा बाळ मांडीवर झोपलं की अर्धा अर्धा तास पाय न हलवता बसायचा.

आता त्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूबद्दल. सगळ्यांकडे असलेलं मूल एखाद्या क्षणी कुणाकडेच नसतं. धाकट्या काकांचा मुलगा दोन वर्षांचा असताना त्याने तापलेल्या बंबाला तळहात लावला. आईला वाटत होतं तो ताईकडे आहे, ताईला वाटलं दादाने उचललं, आणि दादाने त्याला मागच्या दारी उतरवून ठेवून "आलो हं" म्हटलं होतं, ते ऐकायला तिथं कुणी नव्हतं. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये प्रयोग करून दाखवलं, की संकटाच्या वेळी आणखी माणसं हजर आहेत असं वाटलं की एकेकाचा मदतीचा पाय मागे राहतो, जबाबदारी वाटली जाऊन पातळ होते. आजीला हे प्रयोगाविना कळलं. त्या दिवसापासून तिने घरात नियम केला: बाळ खाली ठेवायचं नाही, हातात द्यायचं. घेणाऱ्याने मोठ्याने "घेतलं" म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय देणाऱ्याने हात सोडायचा नाही. दिवसभर तो घोष चालायचाही त्यामुळेच. विमानात किंवा इस्पितळात पाळी बदलताना एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं अशी शिस्त असते. आमच्याकडे ती माजघरात होती.

अशा घरात वाढणाऱ्या मुलाची भाषाही वेगळ्या वाटेने येते. मी माझ्या वडिलांना काका म्हणत असे आणि आईला वहिनी. त्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांत हेच होतं. मुलाला कुणी हाक शिकवत नाही, ते घरातली हाक उचलतं. ताई-दादा माझ्या वडिलांना काका म्हणत, म्हणून माझेही ते काका. धाकटे काका आईला वहिनी म्हणत, म्हणून तीही वहिनी. त्यामागे एक अदबही होती. वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपलं मूल उचलायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत. खालापूरचा अभ्यास केलेल्या ली मिंटर्न आणि जॉन हिचकॉक यांनाही तिथं हाच संकोच दिसला होता. आजोबांदेखत काकांनी मला कधी जवळ घेतलं नाही. दादाला मात्र ते खांद्यावर बसवून जत्रेला नेत, आणि मला खांद्यावर घ्यायचे अण्णा, म्हणजे थोरले काका. भावाच्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त द्यायचं, म्हणजे घरात दुजाभाव दिसत नाही, असा त्या रीतीचा अर्थ. मला तो आज कळतो. तेव्हा काकांच्या खांद्यावरचा दादा पाहून फार वाईट वाटायचं, आणि रीत कळली तरी ते वाईट वाटणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

मोठ्या घरात बाळाशी थेट बोललं जातं कमी, आणि त्याच्या आजूबाजूला बोललं जातं फार. याने भाषा मागे पडते का? युरिको ओशिमा-ताकाने आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या अपत्यांची तुलना केली. एकूण भाषेत फरक फारसा नव्हता, पण 'मी' आणि 'तू' ही सर्वनामं दुसऱ्या मुलांना लवकर जमत होती. कारण सुंदर आहे. आई एकटीच बाळाशी बोलते तेव्हा 'तू' म्हणजे नेहमी बाळ आणि 'मी' म्हणजे नेहमी आई. बाळाला वाटू शकतं, की 'तू' हे आपलंच नाव. आई मोठ्या भावाला 'तू' म्हणते आणि भाऊ स्वतःला 'मी' म्हणतो, हे बाजूला बसून ऐकलं की कळतं, हे शब्द माणसाचे नव्हेत, बोलणाऱ्याच्या जागेचे आहेत. मराठीत यापुढे आणखी पायऱ्या आहेत. आईला 'अगं', वडिलांना 'अहो', आजीला काही घरांत 'अगं' तर काही घरांत 'अहो', सासऱ्यांशी आईचं बोलणं 'मामंजी' आणि 'आपण' असं. चौदा माणसांचं आपसातलं बोलणं रोज कानावर पडलं की तीन वर्षांच्या पोराला हा सगळा गुंता पुस्तकाविना उकलतो.

जेवणाचंही तसंच. आधी मुलांची पंगत बसायची. ताई तूप वाढायची, बाळाला मऊ भात आणि मेतकूट कालवून भरवायचीही तीच. "हे नको, ते नको" म्हणायला आम्हाला फारसा वाव नव्हता, पण धाकाने खाल्लं असंही नाही. शेजारच्या पानातली कारल्याची भाजी दादा मिटक्या मारत खातोय हे पाहून मीही हात पुढे केला होता. लीन बर्च यांनी 1980 मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर हेच करून पाहिलं. नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या सवंगड्यांमध्ये एखाद्या मुलाला काही दिवस जेवायला बसवलं की त्याची आवड बदलू लागे. हल्ली मोबाइलवर गाणं लावून एकेक घास कोंबणारी तरुण आई पाहिली की मला तिची कीव येत नाही, तिच्याबद्दल माया वाटते. जे काम पाच मुलांची पंगत नकळत करायची ते ती एकटी करते आहे.

भांडणं अर्थात रोज. सहा मुलं आणि तीन चेंडू. पण त्या भांडणांतून, लपाछपीतून, एकमेकांचे खाऊ लपवण्यातून मुलं काहीतरी मोठं शिकत असतात. एक साधी कसोटी आहे. गोष्टीतल्या मुलाने लाडू फडताळात ठेवला आणि तो बाहेर गेला. आईने तो डब्यात हलवला. मुलगा परत आल्यावर लाडू कुठं शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, डब्यात. चार-साडेचार वर्षांचं म्हणतं, फडताळात, कारण त्याला ठाऊकच नाही. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते, हे उमगण्याचा तो टप्पा. योसेफ पेर्नर आणि सहकाऱ्यांना 1994 मध्ये आढळलं, की भावंडं असलेली मुलं हा टप्पा लवकर गाठतात. दोन वर्षांनी चार्ली लुईस आणि सहकाऱ्यांनी क्रीट आणि सायप्रस बेटांवर, जिथं नातेवाईक जवळजवळ राहतात, हेच पाहिलं. तिथं मुलांना उपयोग होत होता तो मोठ्यांच्या सहवासाचा: मोठी भावंडं, मोठी मुलं, रोज भेटणारे मोठे नातेवाईक. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत भावंडांमुळे पडणारा हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण ताईने डोळ्यांनी खूण करून आजीपासून काय लपवायचं आणि आईपासून काय, हे आम्हाला शिकवलं होतं, आणि ते शिक्षण वाया गेलं असं मला वाटत नाही.

दुखण्यांचा हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. घरात एकाला कांजिण्या आल्या की ज्यांना आधी येऊन गेलेल्या नाहीत अशा दहांतल्या साधारण नऊ जणांना त्या गाठतात, आणि अंगावर उठायला दोन आठवडे घेतात. त्यामुळे पहिलं मूल बरं होऊन खेळायला लागतं तेव्हा बाकीची अंथरूण धरतात. आमच्याकडे एकदा सव्वा महिना दारावर कडुलिंबाचा टहाळा लटकत होता. या सरमिसळीचा एक फायदा 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी मांडला. मार्च 1958 मध्ये जन्मलेल्या 17,414 ब्रिटिश मुलांच्या नोंदींत त्यांना दिसलं, की घरात मोठी भावंडं जितकी जास्त तितकी परागकणांनी होणारी ॲलर्जी कमी. लहानपणी भावंडांकडून लागणारे संसर्ग शरीराला काही शिकवत असावेत, असा त्यांनी तर्क केला, आणि त्यावर आजही संशोधन चालू आहे. पण पीटर आबी यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये गोवराचा अभ्यास केला त्याचं उत्तर कठोर होतं. बाहेरून गोवर घेऊन आलेल्या मुलापेक्षा त्याच्याकडून घरात ज्यांना गोवर लागला ती भावंडं जास्त दगावत. एका खोलीत, एका अंथरुणावर, रात्रंदिवस जवळ राहिल्याने विषाणूचा मारा जास्त बसत असावा. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस 1985 मध्ये आली. आमच्या घरातल्या सहा मुलांआधीची दोन मुलं आजी बोटांवर मोजायची आणि मग गप्प व्हायची. भरल्या घराच्या आठवणींत ही मुलं सहसा मोजली जात नाहीत.

आणि ताई. तिने सातवी झाल्यावर शाळा सोडली. हायस्कूल वाईला होतं, जायला-यायला अंतर होतं, पण तेच एक कारण नव्हतं. त्याच वर्षी धाकट्या काकूला दुसरं मूल झालं होतं आणि बाळ कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता. दादा पुढे कॉलेजात गेला. मी वाईला शिकले, पुण्याला शिकले. मला कडेवर घेऊन जी फिरली ती सातवीत थांबली, आणि याबद्दल घरात कधी एक वाक्यही बोललं गेलं नाही. एकत्र कुटुंबाच्या मायेबद्दल मी मनापासून लिहिते. पण त्या मायेचं बरंचसं काम एका लहान मुलीने केलं होतं, हे लपवून मला ते लिहिता येणार नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात दोन बायकांनी फार आधी ओळखला होता. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. शहरातल्या सुखवस्तू घरांतलं बालशिक्षण खेड्यात न्यायचं म्हणून ताराबाईंनी 1945 मध्ये डहाणूजवळ बोर्डी इथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. गरिबांच्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत गेलं. तिथं कळलं, की मोठी मुलं शाळेत येत नाहीत कारण कडेवर धाकटं असतं किंवा पुढ्यात गुरं असतात. गुरांमागच्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आणि कडेवरच्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकाच छपराखाली आणली. त्या प्रयोगाचं नाव विकासवाडी. ताई धाकट्याला घेऊनच शाळेत येईल, त्याला शेजारी ठेवेल आणि आपल्या वर्गात बसेल. मोठ्या बहिणीला शाळेत आणायचं तर आधी तिच्या कडेवरचं ओझं उतरवून घ्यायला कुणीतरी हवं, इतकी साधी आणि इतकी खोल ती समज होती. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 गटांत सुरू केली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

ताईची गोष्ट जुनी झाली असं मात्र नाही. बीडकडून उसाच्या फडावर जाणाऱ्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. कोयता पहाटे फडात उतरतो आणि कोपीत, म्हणजे झोपडीत, तान्ह्याजवळ राहते आठ-नऊ वर्षांची बहीण. साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं निघाली, पण तान्ह्याची सोय झाल्याशिवाय ती मुलगी तिथं पोचत नाही. रोजगार हमीच्या 2005 सालच्या केंद्रीय कायद्यात एक चांगली तरतूद केली होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर कामावरच्या एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे खड्डा खणण्याइतकंच काम आहे, असं कायद्याने म्हणणं मला फार मोठं वाटतं.

दरम्यान घरं लहान होत गेली. महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी होणारी मुलं 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2.9 होती, ती 2019-21 मध्ये 1.7 झाली. याचा परिणाम सख्ख्या भावंडांपेक्षा चुलत-मावस भावंडांवर जास्त होतो. दोन पिढ्या प्रत्येक घरात पाच मुलं असतील, तर एका मुलाला चुलत, आते, मामे, मावस मिळून 40 भावंडं होतात. दोन-दोन असतील तर चार. आणि दोन पिढ्या एकेकच मूल असेल तर शून्य. त्या मुलाला काका, आत्या, मामा, मावशी हे शब्द शेजाऱ्यांसाठीच वापरावे लागतील. तरी नाती छपरासोबत लगेच सुटत नाहीत. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा गावाचा अभ्यास 1964 मध्ये प्रसिद्ध केला. चुली वेगळ्या झाल्या तरी देणं-घेणं आणि कर्तव्यं एकत्र राहतात, असं त्यांना तिथं दिसलं. आज न्यू जर्सीत बाळ झालं की आधी मुलीची आई जाते, तिची परतायची वेळ आली की सासूबाई विमानात बसतात. तिकिटं अशी काढलेली असतात की दोघींचे दोन-चार दिवस एकमेकींवर यावेत, म्हणजे बाळ हातातून हातात देता येतं.

गेल्या दिवाळीत माझ्या भावाकडे पुण्याला सगळे जमलो होतो. ताई आता सत्तरीपुढची. भावाची सून चकल्या तळत होती, तिचं सात महिन्यांचं बाळ सतरंजीवर पालथं पडून रडायच्या बेतात होतं. ती एकुलती एक, फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी. ताईने गुडघ्यावर हात टेकत, वाकून बाळ उचललं, कडेवर घेतलं आणि कंबर एका बाजूला काढून स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "माझ्याकडे आहे गं."

सून झारा हातात घेऊन धावत बाहेर आली. "काय झालं, आत्या?"

"काही नाही," ताई म्हणाली. "बाळ माझ्याकडे आहे, एवढंच सांगितलं."